खान्देशच्या उन्हात टॅब आणि डेस्कटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला कॉम्प्युटर आणि टॅब दुरुस्तीचं काम करताना मार्च लागला की तेच तेच प्रश्न यायला लागतात. कुणी रावेरहून विचारतं, कुणी दोंडाईच्याहून, कुणी थेट यंत्र पिशवीत घालून घेऊन येतं. फोनवर प्रत्येकाला पुरतं सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतोय. ही यंत्रं ज्यांनी घडवली त्यांच्या डोळ्यांसमोर २५ अंशांची खोली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ या फरकात सापडतं.

“भाऊ, हाऊ टॅब इतला काब्र तपस?” (भाऊ, हा टॅब इतका का तापतो?)

टॅबच्या पोटात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात आणि रॅम तिला लागूनच बसवलेली असते. ही चिप बोटाच्या नखाएवढी. तिथे तयार झालेली उष्णता आधी ग्राफाइटच्या पातळ पत्र्यावर पसरते, मग मागच्या अॅल्युमिनियमच्या पाठीत उतरते आणि तिथून हवेत जाते. पंखा नाही, हवेला जायला जाळी नाही. त्यामुळे पाठ गरम लागली म्हणून टॅब बिघडला असं समजू नका. ती पाठ हाच त्याचा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग आहे, ती गरम व्हायलाच हवी.

आता जरा हिशोब मांडू. १०-११ इंची टॅबच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०८५ चौरस मीटर क्षेत्रफळ भरतं. वारा नसेल तर असा पृष्ठभाग हवेपेक्षा जितके अंश जास्त गरम, त्या प्रत्येक अंशामागे चौरस मीटरला ढोबळमानाने १० वॅट उष्णता बाहेर टाकतो. हातात धरायची वस्तू ४५ अंशांच्या पुढे गेली की हाताला चटका जाणवतो, म्हणून तिथेच कुठेतरी लगाम घातलेला असतो. खोली २५ अंशांची असेल तर २० अंशांचा फरक मिळतो, म्हणजे १७ वॅटपर्यंत उष्णता निघून जाऊ शकते. खोली ४२ अंशांची असेल तर फरक उरतो ३ अंशांचा, आणि बाहेर जाते जेमतेम अडीच वॅट. पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन एकटीच त्याहून जास्त खाते! मग टॅब आधी प्रोसेसरचा वेग उतरवतो, नंतर उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो, आणि तरीही भागलं नाही तर इशारा देऊन बंद पडतो. आयपॅडच्या माहितीपत्रकात तर वापरायचं तापमान ० ते ३५ अंश असं स्पष्ट छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहा वाजताही हवा कधी कधी त्याच्या पुढे असते.

हे झालं सावलीतलं. दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ओततं, म्हणजे टॅबच्या एका बाजूवर ४० वॅटच्या आसपास. रावेरकडचे एक केळी बागायतदार नाना ठिबकचे व्हॉल्व्ह टॅबवरून चालवतात. बांधावर उभं राहिलं की पाच मिनिटांत टॅब काळा पडतो आणि बागेत शिरलं की आपोआप सुरू होतो, म्हणून ते नेटवर्कला दोष देत होते. मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. बांधावर काचेला बोट लावणं मुश्कील, आणि कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या झापांखाली दहा मिनिटं धरला तर व्यवस्थित चालू. बागेतली सावली ते ४० वॅट अडवत होती, बाकी काही नव्हतं. आता ते टॅब धोतराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळून नेतात आणि बागेत गेल्यावरच उघडतात.

टॅब तापून बंद पडला तर दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवू का?

कृपा करून ठेवू नका. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेर पाणी सुटतं तसंच टॅबच्या आत, मदरबोर्डवर सुटतं. कव्हर काढा, चार्जर काढा, फरशीवर किंवा पितळी ताटावर पालथा ठेवा आणि वरून साधा पंखा लावा. पंख्याचा वारा सुटला की तीच पाठ दुप्पट-तिप्पट उष्णता टाकते. रबरी जाड कव्हर उन्हाळ्यापुरतं काढून ठेवलं तरी फरक कळतो.

मग कंपन्या टॅबमध्ये पंखा का बसवत नाहीत?

काहींमध्ये असतो. विंडोजवर चालणाऱ्या ताकदवान टॅबमध्ये आणि गेमिंगच्या टॅबमध्ये बारीक पंखे येतात. पण पंखा आला की जाडी वाढते, आवाज येतो, आणि हवेसाठी भोक पाडलं की धूळ आत जाते. आपल्याकडच्या धुळीत बिनपंख्याचा बंद टॅबच बरा, असं माझं मत आहे. फक्त त्याच्याकडून ऊन आणि जड काम एकाच वेळी मागू नये.

डेस्कटॉप इथे जास्त टिकतो असं तुम्ही नेहमी सांगता, ते का?

कारण त्याच्या रचनेत उष्णतेला वाट दिलेली असते आणि ती वाट आपल्याला स्क्रू काढून साफ करता येते.

साध्या टॉवर कॅबिनेटचा आराखडा आजही १९९५ साली इंटेलने ठरवलेल्या एटीएक्स मापावर उभा आहे. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेली, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) माप ठरलेलं, वायरींचे रंग ठरलेले. म्हणून जळगावात घेतलेला एसएमपीएस शहाद्यातल्या कॅबिनेटमध्ये बसतो. समोरून थंड हवा आत येते, प्रोसेसरवरून जाते, मागून आणि वरून बाहेर पडते. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या हीटसिंकमध्ये तांब्याच्या नळ्या असतात, त्या पोकळ असतात आणि आत थोडंसं द्रव असतं. खालच्या टोकाला त्याची वाफ होते, वरच्या टोकाला पंख्याच्या वाऱ्याने ती निवून पुन्हा द्रव होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत खाली येते. आपण चुलीवर झाकणाला जमलेलं पाणी पाहतो तेच काम इथे दिवसभर चालू असतं. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत तग धरेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे खोली ४२ अंशांची झाली तरी डेस्कटॉपकडे ५३-५८ अंशांचा फरक शिल्लक राहतो. टॅबकडे उरतात तीन! माणसाचा हात प्रोसेसरला लागत नाही, एवढ्या एका गोष्टीमुळे हा फरक पडतो.

दिसायला देखणं करण्याच्या नादात ही वाट बुजली की काय होतं, ते अॅपलच्याच उदाहरणावरून कळतं. २०१३ साली त्यांनी काळ्या डब्यासारखा गोल मॅक प्रो काढला. आत तिकोनी गाभा, त्याच्या तीन बाजूंना चिपा आणि वर एकच पंखा. कल्पना सुंदर होती. पण पुढे ग्राफिक्स कार्डं जास्त उष्णता टाकायला लागली आणि ती त्या तिकोनात मावेनात. २०१७ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की या रचनेने आपण उष्णतेच्या बाबतीत कोपऱ्यात अडकलो, आणि २०१९ चा मॅक प्रो पुन्हा समोर जाळी असलेला उभा टॉवर होता. जगातल्या उत्तम अभियंत्यांनाही शेवटी हवेची वाट मोकळी करावी लागली.

ऑल-इन-वन घेतला तर? जागा कमी लागते.

लागते खरी. पण त्यात बहुतेक सुटे भाग लॅपटॉपचे असतात आणि पंखे छोटे. २०२१ च्या आयमॅकची जाडी फक्त ११.५ मिलिमीटर ठेवायची म्हणून वीजपुरवठ्याचा भाग बाहेरच्या अॅडॉप्टरमध्ये काढावा लागला, यावरून आतल्या जागेची कल्पना करा. एसीच्या ऑफिसात ठीक. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात घेऊ नका.

कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवला तर चालेल ना?

कूलर खोलीत असू द्या, पण झोत थेट कॅबिनेटवर नको. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरमुळे वाढलेल्या ओलाव्याने फारसं बिघडत नाही, उलट खोली ७-८ अंशांनी उतरली तर यंत्राला बरंच वाटतं. त्रास होतो तो उडणाऱ्या बारीक तुषारांचा. बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार तुषाराबरोबर येतात आणि मदरबोर्डवर पांढरे ठिपके सोडून जातात. धूळ आणि ओल एकत्र आली की हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिखल बसतो. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, हा चिखल ब्रशनेही सुटत नाही. कूलर आणि टेबल यांत सात-आठ फूट अंतर ठेवा, झोत भिंतीवर मारा.

आणि पावसाळा लागला की कूलर पूर्ण बंद करा. जुलैत हवा आधीच ओली असते, तेव्हा कूलर फक्त गंज देतो.

साफसफाई किती दिवसांनी करायची?

ते तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. जळगाव शहरातल्या घरात सहा महिन्यांनी पुरे. कापसाच्या जिनिंगजवळ असाल तर महिन्याला, आणि नंदुरबारला मिरचीच्या पथारीजवळ दुकान असेल तर तोंडाला रुमाल बांधून पंधरा दिवसांनी.

एका जिनिंगच्या काटाघरातलं कॅबिनेट मी उघडलं तो प्रसंग सांगतो. तक्रार होती की वजनाची पावती निघता निघता कॉम्प्युटर बंद पडतो. झाकण काढलं तर हीटसिंक दिसेचना. पंखा फिरत होता, पण पंखा आणि पात्यांच्या मधे रुईचा पेळू बसावा तसा पांढरा गच्च थर जमला होता. चिमट्याने धरून ओढला तर तो अख्खा चौकोनी तुकडा निघाला, पंख्याच्या मापाचा, खालून काळा आणि वरून पांढरा. वारा त्याच्या वरच फिरून परत येत होता. तो निघाल्यावर प्रोसेसरचं तापमान ९८ वरून ६४ वर आलं. एक रुपयाचा सुटा भाग लागला नाही.

साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोराने तो गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. हीटसिंक काढला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरण्यापुरतंच असतं, जास्त थापली की तीच आडवी येते. समोरच्या पंख्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून लावा आणि ती दर रविवारी झटका. हवा थोडी कमी येते, पण रुई बाहेरच राहते.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. शॉर्ट आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारा एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात आणि कॅबिनेट अर्थिंगला. फिल्टरने गाळलेला बारीक प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा, अशी ती योजना. अर्थिंगच नसेल तर ते दोन कपॅसिटर वीज मधोमध वाटून घेतात आणि कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब चढतो. प्रवाह फार थोडा, अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत, म्हणून मरत नाही, फक्त झिणझिण्या येतात. अनवाणी असलात तर जास्त. म्हणजे यंत्र चांगलं आहे, खोट घराच्या वायरिंगमध्ये आहे. पण उद्या खरोखर आतली फेज धातूला टेकली तर तिला जमिनीत जायला वाट नाही. ती तुमच्यातून जाईल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. अर्थिंग केलेली असते, खड्ड्यात मीठ-कोळसाही घातलेला असतो, पण एप्रिलमध्ये जमीन खोलवर सुकते आणि काळी माती भेगाळून पाइपापासून सुटते. पावसाळ्यात झिणझिण्या नाहीत, उन्हाळ्यात आहेत, असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, “अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी ओतलं होतं?” आठवड्याला एक बादली पाणी घाला. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या, तो २-३ व्होल्टच्या आत हवा.

एक काम मात्र कुणालाही करू देऊ नका. बोर्डातच न्यूट्रलमधून लहान वायर काढून अर्थच्या भोकाला जोडतात आणि “अर्थिंग करून दिली” म्हणतात. मीटरवर ते बरोबर दिसतं. पण बाहेरून न्यूट्रल तुटली किंवा बोर्डातल्या वायरी उलट्या लागल्या, तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. असं जोडलेलं मी तीन ठिकाणी पाहिलं आहे, त्यातली एक खोली मुलांच्या क्लासची होती.

टॅब चार्जिंगला लावला की स्क्रीन आपोआप टच होते. पॅनल गेलं का?

चार्जर काढल्यावर नीट चालत असेल तर पॅनल चांगलं आहे.

काचेखाली पारदर्शक इंडियम टिन ऑक्साइडच्या रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागेची विद्युतधारिता (वीज धरून ठेवण्याची क्षमता) किंचित बदलते आणि टॅब तो बदल मोजतो. हा बदल फार बारीक असतो. दोन पिनी चार्जरला अर्थिंगची पिन नसते. त्याच्या आतही एक छोटा कपॅसिटर विजेच्या बाजूकडून टॅबच्या बाजूला जोडलेला असतो. स्वस्त चार्जरमध्ये गाळणी कमी, त्यामुळे सगळा टॅब विजेच्या गोंगाटाबरोबर वर-खाली होतो आणि जाळीला बोट कुठे आहे ते कळेनासं होतं. टॅबबरोबर आलेला चार्जर लावून पाहा. घामाच्या बोटाने किंवा काचेवर पाण्याचा थेंब असला तरी असाच घोळ होतो, कारण पाणीही विद्युतधारिता बदलतं.

जुन्या टॅबला नखाने दाबलं तरी चालायचं. नव्याला का नाही?

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत जाहीर झालेला स्वस्त ‘आकाश’ टॅब पुष्कळांना आठवत असेल. त्याची ७ इंची स्क्रीन दाबाची होती, वरचा लवचीक थर दाबून खालच्या थराला टेकवायचा. नख, काडी, पेन, काहीही चाले. नव्या काचेला बोटाची विद्युतधारिता लागते, नखाला ती जवळजवळ नसते. दोन बोटांनी चिमटीत फोटो मोठा करणं मात्र त्या जुन्या साध्या स्क्रीनला जमत नव्हतं.

नुसती काच फुटली आहे, आतलं दिसतंय. तरी एवढे पैसे का?

पूर्वी बऱ्याच टॅबमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले यांच्या मधे हवेची फट असायची. काच वेगळी निघायची, स्वस्तात बदलता यायची. पण प्रत्येक हवा-काच सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणून उन्हात चित्र फिकं दिसायचं आणि पेनाचं टोक अक्षरापासून किंचित वर तरंगल्यासारखं वाटायचं. ते टाळायला काच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने एकजीव करू लागले. आयपॅडमध्ये हे २०१४ च्या एअर २ पासून आलं. साध्या आयपॅडमध्ये मात्र फट पुढेही ठेवली. चित्र सुंदर झालं, पण काच फुटली की बहुतेक वेळा पूर्ण जोडच बदलावा लागतो.

माझं मत विचाराल तर शाळेसाठी, लहान पोरांसाठी फटीचा टॅब घ्यावा. चित्रकला किंवा नकाशांचं काम असेल तर जोडलेला.

काच कठीण कशी होते तेही सांगतो, मला हे फार आवडतं. तयार काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने घुसतात. काच थंड झाल्यावर हा दाटलेला थर सतत आतून आवळलेला राहतो, त्यामुळे ओरखड्याची फट सहजी उघडत नाही. कडेला मात्र घाव लागला की हा थर उपयोगी पडत नाही. टॅब सपाट पडला तर वाचतो आणि कोपऱ्यावर पडला तर जातो, त्याचं कारण हेच.

टॅबची रॅम वाढवून मिळेल का?

नाही मिळणार. टॅबमध्ये रॅम प्रोसेसरला चिकटवून झाळलेली असते. तारा जितक्या आखूड तितकी वीज कमी आणि वेग जास्त. खोबणी ठेवली तर तारा लांबतात. घेतानाच एक पायरी वरची घ्या. डेस्कटॉपमध्ये चार स्क्रू काढले की रॅम वाढते, पण डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. जबरदस्ती करू नका.

घरात इन्व्हर्टर आहे. पीसीला वेगळा यूपीएस लागेल का?

चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्याच्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढीच शिल्लक असते. यूपीएस साधारण १० मिलिसेकंदांच्या आत बदलतो, म्हणून पीसीला कळतही नाही. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, ते ‘यूपीएस’ कडे असेल तर बहुधा निभावतं. दुसऱ्या बाजूला असेल तर पीसी दर वेळी नव्याने सुरू होईल. आधी ते बटण बघा, मग खर्च करा. चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही नवे एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंदच पडतात, त्यांना शुद्ध साइन लाटच लागते.

एक लक्षात असू द्या. यूपीएसमधली शिशाची बॅटरी उष्णतेला सगळ्यात नाजूक. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचंही तसंच. म्हणून पुण्यात चार वर्षं चाललेली बॅटरी आपल्याकडे दोन वर्षांत जाते. दुकानदाराने फसवलं असं लगेच म्हणू नका.

टॅबची मागची बाजू फुगली आहे, पण चालतोय. चालवू का?

लगेच बंद करा. चार्जिंगला अजिबात लावू नका.

टॅबची बॅटरी म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पिशवीत बंद केलेले थर. उष्णतेत आणि सतत पूर्ण चार्ज ठेवल्याने आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो. पिशवी फुगते, काच वर उचलली जाते. अशी पिशवी टोचली गेली किंवा वाकली तर आग लागते. घरी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. कागदात गुंडाळून, दाब न देता, पत्र्याच्या डब्यात घालून दुरुस्तीवाल्याकडे न्या. कचऱ्याच्या घंटागाडीत तर मुळीच टाकू नका, तिथे ती दाबली जाते. माझ्याकडे अशी एक बॅटरी आली होती, एका ताईंनी ती पोराच्या दप्तरात पुस्तकांच्या मधे ठेवून आणली होती. ती काढून वाळूच्या घमेल्यात ठेवेपर्यंत माझे हात थरथरत होते.

टाळायचं असेल तर टॅब रात्रभर गादीवर चार्जिंगला ठेवू नका. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. मे महिन्यात चार्जिंग पहाटे करा.

कंपनी म्हणते सुटा भाग मिळत नाही, नवा घ्या. काही कायदा आहे का?

युरोपात आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावर ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. तिथे काही कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रं सापडतात. सुट्या भागांची युरोपसारखी सक्ती मात्र त्यात नाही. तोवर खरेदी करतानाच विचारा की या मॉडेलची बॅटरी आणि चार्जिंगचा जॅक जळगावात मिळतो का. दुकानदार अडखळला तर दुसरं मॉडेल बघा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची लॅब दीड महिना बंद असते. काय काळजी घ्यायची?

टॅब ५०-६० टक्के चार्ज करून बंद करा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर खराब होते, रिकामी ठेवली तर इतकी उतरते की पुन्हा उठत नाही. पत्र्याच्या छताखाली वरच्या फळीवर ठेवू नका, खालच्या खणात, भिंतीपासून दूर ठेवा.

डेस्कटॉपचे प्लग भिंतीतून काढा, वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा बंद बटणावर भरवसा नको. मागच्या रिकाम्या पट्ट्या झाकलेल्या आहेत ना ते बघा, उंदीर तिथूनच आत जातात आणि केबल कुरतडतात. नोंदी एसएसडीवर (चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर) असतील तर एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या. भरपूर लिहून झिजलेली एसएसडी बिनविजेची पडून राहिली की तिच्यातला साठा हळूहळू विरतो. मानकात झिजलेल्या एसएसडीसाठी ३० अंशांवर एक वर्षाची हमी धरलेली आहे, आणि आपल्या बंद खोलीत ३० अंश मे महिन्यात पहाटेही मिळत नाहीत. यूपीएस पूर्ण चार्ज करून बंद करा, जमलं तर शिपाईकाकांना सांगून पंधरा दिवसांनी एकदा चार तास लावून घ्या.

जूनमध्ये उघडल्यावर सगळी यंत्रं एकदम चालू करू नका. आधी खिडक्या उघडा, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि पहिल्या पावसाने हवा ओली झाली असेल तर पंखे लावून तासभर खोली सुकू द्या. तारीख-वेळ चुकीची दाखवत असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ ही चपटी बॅटरी बदला, ती घड्याळवाल्याकडेही मिळते.